वस्त्रे आणि वारसा

(जयपूर येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या स्मृती-व्याख्यानाची संहिता)



रोमच्या प्रजासत्ताकाचे साम्राज्य कसे झाले, हा आजचा विषय आहे, आणि तो जयपुरात मांडायचा तर सुरुवात जयपुरातूनच करता येते. सवाई जयसिंहांच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे महाराष्ट्रीय पंडित होते. टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला. हा टॉलेमी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, अलेक्झांड्रियात राहून ग्रहगणित लिहिणारा. जुनी निरीक्षणे नव्यांशी ताडून पाहायची तर मधली वर्षे बिनचूक मोजावी लागतात, म्हणून तो राजांच्या कारकिर्दी धरून मोजतो. बाबिलोनच्या नबोनस्सरपासून अलेक्झांडरच्या मृत्यूपर्यंत ४२४ वर्षे, तिथून ऑगस्टसच्या राज्यारंभापर्यंत २९४ वर्षे, असा त्याचा हिशेब आहे. गणिताला राजकारणातला संकोच परवडत नाही. टॉलेमीच्या लेखी ऑगस्टस हा राजा आहे आणि इजिप्त जिंकले त्या इ.स.पू. ३० या वर्षापासून त्याचे राज्य सुरू होते. पण हाच ऑगस्टस इ.स.पू. २७ च्या जानेवारीत रोमच्या सेनेटपुढे उभा राहिला आणि आपल्या हातातले सर्व अधिकार सेनेटला व जनतेला परत करीत असल्याचे त्याने जाहीर केले. अलेक्झांड्रियात राजा आणि रोममध्ये पहिला नागरिक, अशी त्याची दोन रूपे एकाच वेळी नांदत होती. राज्य एकाने करायचे आणि ते दुसऱ्याच्या नावाने करायचे, या व्यवस्थेबद्दल मला आज बोलायचे आहे. मराठ्यांनी ती साताऱ्यात आणि पुण्यात शंभर वर्षे चालवली. जयपूरने तिची झळ सोसली.

माझे प्रतिपादन असे आहे. जुन्या सत्तेचे नाव कायम ठेवून नवी सत्ता उभी राहते तेव्हा ते नाव नुसता देखावा नसते. त्याला खरे बळ असते, आणि म्हणूनच नवा सत्ताधीश ते टाकू शकत नाही. पण ते टाकता येत नाही म्हणूनच आपल्या पदाचा वारस कोण, याचा कायदाही त्याला करता येत नाही. जे पद अस्तित्वातच नाही असे तो सांगतो, त्याचा वारसा तो कोणत्या तोंडाने लिहून ठेवणार? मग हा प्रश्न ज्याच्या हातात फौज आहे त्याच्याकडे जातो. रोममध्ये तो गेला, पुण्यात गेला, आणि जयपुरात तो मराठ्यांच्या फौजेकडे आला.

रोमचा पुरावा आधी पाहू. ज्यूलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये तहहयात सर्वाधिकारीपद स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या १५ मार्चला सेनेटरांनी त्याला ठार केले. त्याचा दत्तकपुत्र ऑक्टेव्हियन, म्हणजेच पुढचा ऑगस्टस, हा धडा विसरला नाही. त्याने एकही नवे पद निर्माण केले नाही. सीमेवरचे प्रांत दहा वर्षांच्या मुदतीने त्याच्याकडे आले, आणि बहुतेक फौजा त्या प्रांतांतच होत्या. इ.स.पू. २३ मध्ये त्याने कॉन्सलपद, म्हणजे प्रजासत्ताकातले सर्वोच्च पद, सोडले आणि ट्रिब्यूनचे, म्हणजे लोकप्रतिनिधीचे, अधिकार घेतले. ट्रिब्यूनपद मात्र घेतले नाही. पुढच्या वर्षी लोकांनी सर्वाधिकारीपद देऊ केले, ते त्याने नाकारले. आयुष्याच्या शेवटी आपल्या कर्तृत्वाचा जो लेख त्याने लिहवून घेतला, त्यात त्याचा दावा असा आहे की मान माझा सर्वांहून अधिक होता, अधिकार मात्र सहकाऱ्यांइतकाच होता. हा लेख आज आपल्याला मुख्यत्वे तुर्कस्तानात अंकारा येथील देवळाच्या भिंतींवर वाचायला मिळतो. प्रत्येक अधिकार जुना, प्रत्येक अधिकाराला पूर्वीचा दाखला. एका हातात ते सगळे आले, एवढीच काय ती नवलाई. आणि ती कायद्याच्या कोणत्याही कलमात दिसत नव्हती.

याच इ.स.पू. २३ मध्ये ऑगस्टस आजारी पडला आणि जगेल अशी आशा उरली नाही. त्या वेळी त्याने केलेली कृती मला सगळ्या कारकिर्दीची किल्ली वाटते. आपली मुद्रेची अंगठी त्याने आपला सेनापती अग्रिप्पा याच्या हाती दिली आणि फौजांच्या व महसुलाच्या नोंदी पिसो या कॉन्सलकडे दिल्या. वारस म्हणून कोणाचेही नाव घेतले नाही. भाचा मार्सेलस जावई होता, लोकांचे डोळे त्याच्याकडे लागले होते, तरीही नाही. नाव घेतले असते तर वारसा देण्याजोगे पद आपल्यापाशी आहे हे कबूल करावे लागले असते. ऑगस्टस त्यातून उठला, मार्सेलस त्याच वर्षी गेला. पुढची पंचवीस वर्षे त्याने वारस घडवण्यात घालवली, आणि ते एकामागून एक मृत्यू पावले: अग्रिप्पा, मग नातू लुसियस, मग दुसरा नातू गायस. शेवटी इ.स. ४ मध्ये मनाविरुद्ध सावत्र मुलगा टायबेरियस याला दत्तक घेऊन ट्रिब्यूनचे अधिकार त्याला देववले. घरचा दत्तकविधी आणि सेनेटचा ठराव या दोन जुन्या गोष्टी एकत्र आणून त्याने वारशाचे काम भागवले. १९ ऑगस्ट १४ रोजी तो वारला. त्याचा हयात नातू अग्रिप्पा पोस्टुमस लगोलग मारला गेला. कायद्याने वारस ठरत असता तर त्याला मारण्याची गरज कोणालाही वाटली नसती.

सत्तावीस वर्षांनी पडदा पूर्ण उघडला. २४ जानेवारी ४१ रोजी टायबेरियसनंतरचा सम्राट कॅलिग्युला त्याच्याच रक्षकदलातल्या अधिकाऱ्यांच्या हातून मारला गेला. सेनेट कॅपिटोल टेकडीवर जमले. कॉन्सलांनी त्या रात्रीचा परवलीचा शब्द दिला तो ‘स्वातंत्र्य’. प्रजासत्ताक परत आणायचे का, यावर भाषणे चालू असताना राजवाड्यात पडद्यामागे लपलेला कॅलिग्युलाचा काका क्लॉडियस शिपायांना सापडला. त्यांनी त्याला छावणीत नेले आणि त्याने माणशी १५,००० सेस्टर्स कबूल केले. दुसऱ्या दिवशी सेनेटने त्याला सर्व अधिकार दिले. आणि निरोनंतर तर जून ६८ ते डिसेंबर ६९ या दीड वर्षात याच सेनेटने गाल्बा, ओथो, व्हिटेलियस आणि व्हेस्पेशियन अशा चौघांना पाठोपाठ मान्यता दिली. व्हेस्पेशियनच्या अधिकारांचा ठराव कोरलेला ब्राँझचा पत्रा आजही रोमच्या संग्रहालयात आहे. ऑगस्टस, टायबेरियस आणि क्लॉडियस यांना जे करता येत होते ते त्यालाही करता यावे, अशी त्यातली भाषा आहे. म्हणजे शंभर वर्षांनीही पदाला नाव नव्हते, दाखले होते. व्हेस्पेशियन स्वतः मात्र आपले राज्य १ जुलैपासून मोजत असे, कारण त्या दिवशी अलेक्झांड्रियातल्या सैन्याने त्याचा जयजयकार केला होता. सेनेटच्या ठरावाला त्यानंतर सहा महिने लागले.

आता साताऱ्याकडे वळू. पेशवा हा अष्टप्रधानांपैकी एक. त्याच्या शिक्क्यात आधी साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांचे नाव, मग आपले, आणि आपल्यापुढे ‘मुख्य प्रधान’ एवढेच पद. शाहूंनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली. १७२० मध्ये त्यांच्यामागे एकोणीस वर्षांच्या बाजीरावांना, आणि १७४० मध्ये बाजीरावांमागे नानासाहेबांना वस्त्रे दिली. पेशवाई वंशपरंपरेने चालली होती, मग माझा सिद्धांत कुठे टिकतो, असे इथे कोणी म्हणेल. आक्षेप वजनदार आहे. पण १७२० मध्ये दरबारातल्या जुन्या मुत्सद्द्यांचा बाजीरावांना विरोध होता, आणि १७४० मध्ये रघूजी भोसल्यांनी बारामतीच्या बाबूजी नाइकांना पुढे केले होते. दोन्ही वेळा निर्णय झाला तो शाहूंचा. निर्णय देणारा माणूस जिवंत होता, त्याचा शब्द सगळ्यांना मान्य होता, म्हणून तलवारी म्यानात राहिल्या. वारसा सुरळीत चालला याचे श्रेय जुन्या गादीचे होते. नव्या सत्तेचे त्यात काही नव्हते.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू निपुत्रिक वारले आणि निर्णय देणारा उरला नाही. राज्यकारभार पेशव्यांनी चालवावा, असे त्यांनी शेवटच्या आजारात लिहून दिले होते. शाहूंच्या चुलती ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजांना गादीवर बसवले गेले. १७५० मध्ये सांगोल्यास कराराने राज्याचा कारभार पेशव्यांकडे आला. त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाईंनी या नातवाला किल्ल्यावर कैद केले आणि तो आपला नातूच नाही असे सांगितले. यापुढे साताऱ्याचा राजा कोणाच्या ना कोणाच्या नजरकैदेतच राहिला. पण वस्त्रे साताऱ्याहूनच यायची. १७६१ मध्ये सोळा वर्षांच्या माधवरावांसाठी ती आली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या आणि काका रघुनाथरावांच्या फौजा एकमेकांवर चालून गेल्या. १७७२ मध्ये नारायणरावांना आली. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारले. पगारी पहारेकऱ्यांनी धन्याला त्याच्याच वाड्यात मारावे, यात कॅलिग्युलाचा अंत पुन्हा घडलेला दिसतो. त्यानंतर रघुनाथरावांसाठी वस्त्रे आली. आणि मे १७७४ मध्ये तीच वस्त्रे बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, पुरंदरावर नारायणरावांच्या चाळीस दिवसांच्या मुलासाठी आणवली. एकाच कैदी राजाने वर्षाच्या आत दोन विरुद्ध पक्षांना वस्त्रे दिली. सेनेटने चार सम्राटांना मान्यता दिली ती घटना आणि ही घटना एकाच जातीची आहे.

मग ही वस्त्रे म्हणजे पोकळ सोपस्कारच ठरला, असे सहज म्हणता येईल, आणि अनेक इतिहासकारांनी तसे म्हटलेही आहे. मला ते पटत नाही. सोपस्कार पोकळ असता तर बारभाईंनी तान्ह्या मुलासाठी त्याची धडपड केली नसती. नाना फडणीस आणि सखारामबापू भाबडेपणाने राजकारण करणारे नव्हते. त्यांना ठाऊक होते की सरदारांच्या सनदा, इनामे, वतने यांना जे मूळ आहे ते साताऱ्यात आहे. ते तोडले तर शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड यांनी पुण्याचे का ऐकावे, याला उत्तर नाही. १७९२ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशहाकडून आणलेला वकील-इ-मुतलकचा किताब पुण्यात पेशव्यांना अर्पण केला, तेव्हाही आधी छत्रपतींची परवानगी मिळवावी लागली. त्या समारंभाची रचनाच पाहा: बादशहाचा मुखत्यार पेशवा, पेशव्याचा नायब शिंदे, आणि पेशवा हा साताऱ्याचा नोकर. सर्वांत बलवान माणूस सर्वांत खालच्या पायरीवर उभा होता, आणि त्याला वरच्या तीनही पायऱ्यांची गरज होती.

रोम आणि सातारा यांत फरक आहे, आणि तो मी लपवत नाही. रोममध्ये राजेशाहीचा तिटकारा होता, इकडे छत्रपतीच राजा होते. तिकडे जुनी सत्ता अनेकांच्या सभेची, इकडे एका घराण्याची. पण या फरकाने माझा मुद्दा खोडला जात नाही, त्याला धार येते, आणि ते पुढे १८१८ मध्ये दिसेल. त्याआधी जयपूर.

जयपूरच्या राजांना जयपूर वारशानेच मिळाले होते, त्यांनी कोणाचे काही बळकावले नव्हते. तरी त्यांचीही सत्ता दुसऱ्याच्या नावात गुंतलेली होती. १७०८ च्या सुरुवातीला बादशहा बहादूरशहाने जयपूरच्या आधीची राजधानी आमेर जप्त करून जयसिंहांच्या धाकट्या भावाला, विजयसिंहाला दिले. गादी कोणाची हे बादशहा ठरवू शकतो, हे जयसिंह तेव्हा शिकले. त्याच वर्षी त्यांनी आमेर परत मिळवले, आणि त्यासाठी उदयपूरशी सोयरीक केली. तिची अट अशी की उदयपूरच्या राजकन्येचा मुलगा वयाने धाकटा असला तरी गादी त्याची. पुढे जयसिंहांचे बळ वाढले. १७२७ मध्ये त्यांनी हे नगर वसवले. १७३४ मध्ये आणि पुन्हा १७४१-४२ च्या सुमारास अश्वमेध केला; पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी त्याचे समकालीन पुरावे परिश्रमाने गोळा केले आहेत. अश्वमेध म्हणजे सार्वभौमत्वाची उघड घोषणा, मग जयसिंहांनी नाव लपवले असे कसे म्हणता, असा प्रश्न येईल. घोषणा होती, पण ती यज्ञमंडपात होती. माळव्याची सुभेदारी त्यांनी तीन वेळा केली ती बादशहाचा मनसबदार म्हणून. जयपूरच्या टांकसाळीतून निघालेल्या झाडशाही रुपयावर नाव मोगल बादशहाचेच राहिले, थेट १८५७ पर्यंत. त्यांनी मराठ्यांना माळवा मिळवून दिला तोही याच भाषेत. फौजेच्या बळावर माळवा आधीच पेशव्यांचा झाला होता. तरी १७४१ मध्ये फर्मान निघाले ते शाहजाद्याच्या नावाने सुभेदारीचे, आणि नानासाहेबांना मिळाली नायब सुभेदारी. ऑगस्टसला सीमेवरचे प्रांत ज्या रीतीने ‘मिळाले’, त्याच रीतीने हा माळवा मिळाला.

जयसिंह १७४३ च्या सप्टेंबरात वारले. वडील मुलगा ईश्वरीसिंह गादीवर बसला, आणि बादशहाने त्याला मान्यता दिली. पण त्या मान्यतेमागे आता फौज नव्हती. पंचवीस वर्षे बादशाही खिळखिळी होत गेली, आणि तिचे एक काम, म्हणजे गादीचा तंटा मिटवणे, कोणी आपल्याकडे घेतले नव्हते. सर्वांत समर्थ राजपूत राजानेही नाही. उदयपूरच्या राजकन्येचा मुलगा माधोसिंह १७०८ ची अट दाखवत उभा राहिला. मल्हारराव होळकर माधोसिंहाकडे, शिंद्यांचा कल ईश्वरीसिंहाकडे, आणि पेशवे नजराण्याच्या आकड्याकडे पाहत होते. १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंह जिंकला. त्रिपोलिया बाजारातून जाताना जी ईसरलाट दिसते, ती त्याच्या विजयाची खूण. १७४८ च्या ऑगस्टमध्ये बगरूला तो हरला. कबूल केलेली खंडणी देता येईना, होळकर पुन्हा चालून आले, आणि डिसेंबर १७५० मध्ये त्याने विष घेऊन जीव दिला. त्याची छत्री गैटोरला इतर राजांजवळ नाही, राजवाड्याच्या आवारात आहे. माधोसिंह मराठ्यांच्या बळावर राजा झाला आणि महिनाभरात, जानेवारी १७५१ मध्ये, शहर पाहायला वेशीच्या आत आलेल्या मराठ्यांची दरवाजे लावून कत्तल झाली.

हा प्रसंग मराठी माणसाने जयपुरात उच्चारताना आवाज खाली आणू नये, असे मला वाटते. मेलेल्यांबद्दल दुःख आहेच. पण ईश्वरीसिंहाच्या गादीचा लिलाव आपल्या छावणीत झाला, हे मान्य केले पाहिजे. क्लॉडियसकडून माणशी पंधरा हजार घेणारे शिपाई आणि दोन भावांपैकी जास्त देईल त्याच्या बाजूने उभे राहणारे सरदार यांच्यात मला नैतिक फरक सापडत नाही. राजपुतान्याची ही कटुता पुढे पानिपतच्या वेळी आपल्याला नडली. आणि १७८६-८७ मध्ये महादजी जयपूरकडून खंडणी मागायला आले ते तर मराठ्यांच्याही नावाने नव्हे, बादशहाच्या नावाने; त्यातून तुंगा-लालसोटची लढाई झाली.

एक शेवटचा आक्षेप उरतो, आणि तोच मला सर्वांत कठीण वाटतो. मोगलांनी तर आपली सत्ता उघडपणे, स्वतःच्या नावाने गाजवली. खुत्बा त्यांचा, नाणे त्यांचे. तरी जवळजवळ प्रत्येक पिढीत भावाभावांत युद्ध झालेच. तेव्हा नाव उघड असल्याने वारसा सुधारतो कुठे? बरोबर आहे: नाव उघड असले म्हणजे कायदा होतोच असे नाही. मोगलांना तो करता आला असता, त्यांनी केला नाही. ऑगस्टसला आणि पेशव्यांना तो करताच येत नव्हता. परिणामही वेगळे झाले. मोगलांच्या युद्धात उमेदवार बाबराच्या वंशातलेच राहिले; औरंगजेबानंतरच्या वजिरांनाही गादीवर बसवायला शाहजादाच शोधावा लागला. रोममध्ये निरोनंतर ज्याच्यापाशी फौजा, तो उमेदवार. व्हेस्पेशियनच्या घराण्याला रोममध्ये फारसे कोणी ओळखतही नव्हते.

आता १८१८. दुसरा बाजीराव इंग्रजांपुढून पळत होता तेव्हा त्याने साताऱ्याच्या छत्रपतींना, प्रतापसिंहांना, बरोबर फिरवले. सत्तर वर्षे कैदेत असलेल्या गादीचे बळ त्याला नेमके कळले होते. इंग्रजांचा अधिकारी एल्फिन्स्टन यालाही कळले होते. त्याने फेब्रुवारीत जाहीरनामा काढला की पेशव्याचे राज्य गेले, साताऱ्याच्या राजाला मात्र राज्य मिळेल. आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. रोमशी असलेला फरक इथे धारदार होतो. रोमचे सेनेट कोणा परक्याला उचलून नेता येण्याजोगे नव्हते. साताऱ्याचा राजा होता. पेशव्यांनी जे नाव जपून ठेवले, ते शत्रूने त्यांच्याविरुद्ध वापरले, आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ सरदारांना त्यात जुन्या धन्याची सुटका दिसली. २ एप्रिल १८१८ रोजी जयपूरने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला आणि १० एप्रिलला साताऱ्यात प्रतापसिंह गादीवर बसले. आठ दिवसांच्या अंतराने दोन्ही गाद्यांच्या वारशाचा निवाडा एकाच हातात गेला. जयपुरात तो त्याच वर्षी डिसेंबरात निपुत्रिक जगतसिंहाच्या मृत्यूनंतर करावा लागला. साताऱ्यात प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले, त्यांच्या भावाला बसवले, आणि ५ एप्रिल १८४८ रोजी तो वारला. मरण्यापूर्वी त्याने दत्तक घेतला होता. तो मान्य करायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कंपनी सरकारने आपल्याकडे ठेवला होता. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले.